पुढच्या काचेवरचा टवका

मोटारीच्या पुढच्या काचेला खडा लागतो तेव्हा तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. 'टक्' असा एकच कोरडा आवाज होतो, चालकाची मान आपोआप मागे जाते आणि तोवर समोरचा ट्रक बाजूने निघूनही गेलेला असतो. पुढे गाडी थांबवून पाहिले तर काचेवर मुगाएवढा, फार तर हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका सापडतो. हा टवका. टवक्यातून केसासारखी रेघ निघाली की ती चीर, आणि चीर काठाला जाऊन भिडली की काचेला तडा गेला. बोलताना हे शब्द कोणी कसेही वापरतो, पण काचेच्या कामात ती तीन वेगळी कामे आहेत. टवका भरता येतो. चीर कधी भरता येते, कधी नाही. तडा गेलेली काच बदलावीच लागते. पहिल्या अवस्थेतून तिसरीत जायला एखाद्या काचेला सहा महिने लागतात, तर एखादीला एक दुपार पुरते. ती दुपार कशी टाळायची, हेच या कामातले मुख्य ज्ञान आहे.

भिंगारमध्ये हे काम बाराही महिने असते. गाव अहिल्यानगर शहराला पूर्वेकडून खेटून आहे. एका अंगाला लष्कराची छावणी, दुसऱ्या अंगाला पाथर्डीकडे जाणारा रस्ता. कल्याण-विशाखापट्टणम या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ याच बाजूने चांदबिबी महालाच्या डोंगराजवळून करंजी घाटाकडे जातो. नगर-पाथर्डी टप्प्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. उखडलेले डांबर, पसरलेला मुरूम आणि कडेला टाकलेले खडीचे ढीग यांतून वाट काढणाऱ्या गाड्यांच्या काचा त्या काळात किती फुटल्या, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. रस्ता नवा झाला तरी खडा संपत नाही. नव्या डांबरावर बारीक खडी मोकळी राहते आणि वेग मात्र वाढलेला असतो. त्यात खडी, डबर आणि वाळू वाहणारे डंपर, आणि दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. ट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत दगड अडकतो, चाकाबरोबर फिरत राहतो आणि वेग वाढला की गोफणीतून सुटल्यासारखा मागे येतो. वरून सांडलेल्या खड्यापेक्षा हा दगड जास्त घातक असतो, कारण त्याच्या अंगात चाकाचा वेग भरलेला असतो.

दगडाची जातही इथे महत्त्वाची आहे. नगरच्या परिसरातली खडी म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेला. कठीणपणात तो काचेच्या तोडीचा आहे. क्रशरमधून निघालेल्या खडीला धारदार कोपरे असतात. बोथट, गोलसर दगड लागला तर काचेत शंकूच्या आकाराचा खळगा पडतो आणि समोरून तो गोल डोळ्यासारखा दिसतो. टोकदार कपची लागली तर मधल्या बिंदूपासून चारी बाजूंना बारीक रेघा फुटतात, चांदणी काढल्यासारख्या. गोल टवका भरायला सोपा. चांदणी भरायला जिकिरीची, कारण तिची प्रत्येक रेघ म्हणजे सुरू झालेली एक चीर असते. पाथर्डी रस्त्यावर मार खाल्लेल्या काचांवर चांदण्याच जास्त सापडतात, त्याचे कारण हे. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की तोच खडा चौपट जोराने आदळतो. म्हणून मोकळी खडी पडलेल्या पट्ट्यात गाडीचा वेग निम्मा करणे हा काच वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. खडीच्या डंपरमागे चिकटून न चालणे, हा दुसरा.

मार खाणारी ही काच साधी नसते. दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा एक थर दाबून ती बनवतात. एकेक काच साधारण दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडीची, मधला थर पाऊण मिलिमीटरचा, सगळे मिळून सुमारे ५ मिलिमीटर. या थराला कारागीर नुसते 'फिल्म' म्हणतात; त्याचे पूर्ण नाव पॉलिव्हिनिल ब्युटिरल. ही कल्पना फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांची. १९०३ मध्ये त्यांच्या हातून प्रयोगशाळेतली एक बाटली खाली पडली, तडकली, पण विखुरली नाही. आतल्या सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्यांनी दोन काचांत थर घातलेल्या काचेचे पेटंट घेतले. आज खडा लागतो तेव्हा बाहेरची काच फुटते, मधला थर धक्का झेलतो आणि आतली काच शाबूत राहते. भिंगारच्या रस्त्यावरचा माणूस डोळ्यांत काच न जाता घरी पोचतो, तो या पाऊण मिलिमीटरच्या जोरावर.

दारांच्या आणि मागच्या काचा वेगळ्या असतात. त्या तापवून झटकन थंड केलेल्या, म्हणजे टफन्ड. त्या फुटल्या की अख्खी काच एकदम दाण्यांत कोसळते. पूर्वी पुष्कळ ट्रक-टेम्पोंना पुढेही अशीच काच असे. खडा लागला की सबंध काच क्षणात दुधासारखी पांढरी होई आणि चालकाला मुठीने भोक पाडून समोरचे पाहावे लागे. जुन्या चालकांना तो अनुभव अजून आठवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० ने पुढची काच थराची, म्हणजे लॅमिनेटेडच असली पाहिजे असे ठरवले, आणि रस्त्यावरचा तो पांढरा पडदा हळूहळू नाहीसा झाला. टफन्ड काचेला भरण्याची दुरुस्ती नाही. ती एक तर शाबूत असते, नाही तर दाणे झालेली असते.

टवका का वाढतो, याचा उलगडा इंग्लंडमधल्या ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने १९२१ मध्ये छापलेल्या निबंधात केला. काचेवर पडणारा ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही. चिरेच्या टोकाशी तो गोळा होतो. टोक जितके तीक्ष्ण, तितका तिथला ताण मोठा. चांदणीच्या रेघेचे टोक तर डोळ्याला दिसतही नाही इतके तीक्ष्ण असते. आता त्या टोकाला ताण देणाऱ्या गोष्टी किती, ते पाहावे. सव्वा-दीड मीटर रुंदीची काच ४० अंशांनी तापली तर साधारण अर्धा मिलिमीटर लांबते, आणि तिच्याभोवतीची पत्र्याची चौकट त्याहून थोडी जास्त. नगरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीची काच हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापते. अशा वेळी कोणी बादलीभर गार पाणी काचेवर मारले, तर बाहेरचा पृष्ठभाग झटकन आकसतो, टवक्याची तोंडे ताणली जातात आणि डोळ्यांदेखत रेघ पळते. एसीची गार हवा काचेच्या खालच्या पट्ट्यावर सोडली तरी तेच होते: खालचा भाग आकसू पाहतो, वरचा तापलेला भाग त्याला आकसू देत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे काचेवरचे दव घालवायला आतून एकदम गरम हवा सोडणेही तितकेच वाईट.

उष्णतेखेरीज धक्के आहेत. सगळ्या खिडक्या बंद असताना दार जोरात आपटले की आतली हवा दाबली जाते आणि काचेला आतून बाहेर ढकलते. गतिरोधकावर एक चाक आधी चढले की गाडीचा सांगाडा किंचित पिळला जातो, त्याबरोबर काचही. यांतला कोणताही धक्का शाबूत काच सहज पचवते. टवका असलेली काच तो त्या एका टोकावर घेते. आणि या सगळ्यांहून छुपा शत्रू म्हणजे पाणी. चिरेच्या टोकाशी ओल पोचली की ती काचेतले रासायनिक बंध कमकुवत करते आणि एरवी जी चीर थांबून राहिली असती ती हळूहळू सरकत राहते. म्हणूनच पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात जुने, विसरलेले टवके पुन्हा जागे होतात.

काच दाखवायला येणाऱ्यांशी होणारा संवाद साधारण ठरलेला असतो. गिऱ्हाईक म्हणते, "काका, एवढ्याशा टवक्यानं काय होतंय? चालतंय की अजून." त्यावर कारागीर विचारतो, "कधी लागला?" उत्तर येते, "झाले असतील दोन महिने." दोन महिने म्हणजे गाडी आठ-दहा वेळा धुतलेली, टवक्यात साबण आणि धूळ बसलेली. अशा वेळी जाणता माणूस नखाने टवक्यावरून हलकेच चाचपतो आणि खरे ते सांगतो: "भरून देतो भाऊ, चीर थांबेल, पण डाग राहणार. पहिल्या दिवशी आला असतात तर जवळजवळ दिसला नसता."

पहिल्या दिवशी करायचे काम पाच मिनिटांचेही नाही. टवका कोरड्या स्वच्छ फडक्याने टिपावा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी धुऊ नये. पट्टी धूळ आणि पाणी बाहेर ठेवते, बस्स. गाडी सावलीत लावावी, दार हळू लावावे, एसीचा झोत काचेवरून हटवावा. पुष्कळ जण घरचा उपाय म्हणून टवक्यात इन्स्टंट ग्लू टाकतात, कोणी नेलपॉलिश लावते. हेतू चांगला असतो, पण नुकसान पक्के होते. ग्लू तोंडाशीच गोठतो, आतल्या रेघांत हवा तशीच कोंडून राहते आणि नंतर दुरुस्तीचे रसायन आत शिरायला वाटच उरत नाही. ग्लू भरलेला टवका हा कारागिराला मिळणारा सर्वांत निरुपायाचा टवका असतो.

दुरुस्ती पाहण्यासारखी असते. गाडी आधी सावलीत घेतात आणि काच आपोआप निवू देतात. तापलेल्या काचेवर काम सुरू करण्याची घाई नडते, आणि पाणी मारून ती गार करणे तर सर्वस्वी चुकीचे. मग बारीक सुईने टवक्यातला काचेचा चुरा काढला जातो. आत ओल असेल तर आतल्या बाजूने मंद ऊब देऊन ती घालवतात. त्यानंतर काचेवर तीन-चार पायांचे एक छोटे यंत्र रबरी चकत्यांनी चिकटवले जाते. त्याच्या मधोमध पितळी किंवा पोलादी नळी असते आणि तिचे तोंड नेमके टवक्याच्या बिंदूवर टेकवतात. नळीत दोन-चार थेंब पारदर्शक राळ, म्हणजे रेझिन. दट्ट्या वर ओढला की टवक्यातली हवा बुडबुड्यांनी वर येते. खाली दाबला की राळ आत जाते. ओढणे आणि दाबणे आलटून पालटून चालते. आतल्या बाजूला दुसरा माणूस आरसा धरून बसतो, कारण रेघ भरली की नाही हे तिथूनच नीट कळते. आधी रेघ चांदीसारखी चमकत असते, कारण आत हवा असते. राळ टोकाकडे सरकू लागली की ती चमक मधूनच विझत जाते. राळेतून प्रकाश काचेइतकाच वाकतो, म्हणून भरलेली जागा डोळ्याला वेगळी दिसत नाही. शेवटच्या टोकाची चमक विझेपर्यंत दट्ट्या सोडायचा नाही, हा या कामातला खरा संयम. ते टोक कोरडे राहिले, तर सगळे भरूनही चीर तिथून पुढे जाणार.

ही राळ अतिनील किरणांनी घट्ट होते. त्यासाठी छोटा दिवा असतो, पण ऊन असले की उन्हातही ती काही मिनिटांत गोठते. भिंगारच्या दुपारी हीच अडचण होते: उघड्यावर काम केले तर राळ टोकापर्यंत पोचण्याआधीच तोंडाशी गोठू लागते. पत्र्याच्या शेडमध्ये, काचेवर काळे फडके अंथरून काम करण्याची पद्धत त्यातून आली. राळ आत बसल्यावर वरच्या खळग्यात दाट राळेचा एक थेंब टाकून त्यावर प्लॅस्टिकचा छोटा चौकोन ठेवतात, दिवा धरतात, मग ब्लेडचे पाते काचेवर सरळ उभे धरून जादा राळ खरवडतात आणि पॉलिश करतात. अर्ध्या-पाऊण तासाचे काम. फिकट खूण राहते, ती राहणार नाही असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. काम खूण पुसण्याचे नव्हे, चीर थांबवण्याचे आहे.

सगळेच टवके भरण्याजोगे नसतात. आतली काचही तडकली असेल, मधला थर दुधाळ झाला असेल, चीर काठाला भिडली असेल, किंवा टवका काठापासून बोट-दोन बोटांवरच असेल, तर काच बदलणेच शहाणपणाचे. काठाशी ताण जास्त असतो आणि तिथली दुरुस्ती टिकत नाही. चालकाच्या थेट नजरेसमोरचा टवका हा वेगळाच प्रश्न आहे. ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत सुकाणूच्या मध्यावर २९० मिलिमीटर रुंदीचा पट्टा धरतात. त्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठे नुकसान चालत नाही, आणि वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात ४० मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही. आपल्याकडे खाजगी गाडीवाल्याला रोजच्या वापरासाठी असे सोपे माप कोणी शिकवत नाही. ते शिकवण्यासारखे आहे. एक साधी पट्टी घेऊन कोणीही आपल्या काचेवर ते पाहू शकतो.

नजरेसमोरच्या चिरेचा धोका दिवसा जाणवत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा झोत त्या रेघेवर पडला की रेघ पेटल्यासारखी चमकते आणि तिच्यामागचा रस्ता एक-दोन क्षण दिसेनासा होतो. उसाच्या हंगामात, अंधारात, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, अशी भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेने हळूहळू चाललेली असते. ते एक-दोन क्षण तिथे फार महाग पडतात. ट्रॉलीवाल्याने पट्टी लावली पाहिजे, यात वाद नाही. पण मागून येणाऱ्याची काच स्वच्छ आणि अखंड असणे हे त्याच्या स्वतःच्या हातात आहे. फुटक्या काचेने हंगामभर रात्रीचा प्रवास करू नये, एवढे या कामातली माणसे पोटतिडकीने सांगतात, आणि ते ऐकण्यासारखे आहे.

काच बदलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या जीप, टेम्पो, बस, ट्रक यांच्या काचा रबरात बसवलेल्या असतात. जुन्या जीपची काच तर सपाटच असते आणि चौकटीसह बोनेटवर आडवी पाडता येते. सपाट लॅमिनेटेड काच मापाने कापूनही मिळते. रबराची काच बसवायला दोन माणसे आणि एक सुतळी लागते. काचेभोवती रबर चढवतात, रबराच्या बाहेरच्या खाचेत सुतळी सगळीकडून फिरवून तिची दोन्ही टोके खाली मधोमध बाहेर काढतात, साबणाचे पाणी लावतात आणि काच बाहेरून चौकटीवर टेकवतात. बाहेरचा माणूस तळव्यांनी काच दाबत राहतो, आतला सुतळीचे टोक हळूहळू ओढतो. सुतळी जिथून निघेल तिथे रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उलटतो. कोपऱ्यावर ओढ वाढली की आतला "दाब, दाब" म्हणतो आणि बाहेरचा नेमक्या तिथे थोपटतो. दोघांचा हात जमला की काच दहा मिनिटांत बसते. जमला नाही तर कोपऱ्यातच तडकते.

आताच्या मोटारींची काच चिकटवलेली असते. चौकटीच्या पत्र्यावर पॉलियुरेथेनची, कारागिरांच्या बोलीत 'पीयू'ची, त्रिकोणी वात ओढतात आणि तिच्यावर काच बसवतात. काचेच्या काठाने जी काळी पट्टी आणि ठिपके दिसतात ते शोभेसाठी नाहीत. खालच्या पीयूवर ऊन पडून तो खराब होऊ नये म्हणून ती पट्टी काचेत भाजून पक्की केलेली असते. अशी काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. गाडी उलटली तर छप्पर तोलायला ती मदत करते. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग उघडताना पुष्कळ गाड्यांत या काचेवर टेकूनच माणसाकडे वळते. २०२१ पासून नव्या मोटारींना पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या, तेव्हापासून काच नीट चिकटली आहे की नाही हा प्रश्न पाणी गळण्यापुरता राहिलेला नाही. सिलिकॉनने चिकटवलेली काच पाणी अडवील, पण एअरबॅगचा धक्का सोसणार नाही. स्वस्तात आणि झटपट होते म्हणून सिलिकॉन भरून देणाऱ्याकडे काम टाकू नये.

जुनी काच काढताना पीयूमधून पोलादी तार करवतीसारखी ओढून ती कापतात. पत्र्यावर जुन्या पीयूचा एक-दोन मिलिमीटरचा थर मुद्दाम ठेवतात, कारण नवा पीयू त्याच्यावर सर्वांत चांगला बसतो. पाते लागून पत्रा उघडा पडला असेल तर तिथे आधी प्रायमर. हे टाळले तर दोन पावसाळ्यांत काठाखाली गंज धरतो, आणि पुढच्या वेळी काच काढणाऱ्याच्या हाती जाळी झालेला पत्रा येतो. नवी काच बसल्यावर तिला पट्ट्यांनी धरून ठेवतात आणि एक-दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवायला सांगतात, म्हणजे दार लावताना आतली हवा ओल्या पीयूला ढकलणार नाही.

इथे नगरच्या हवेचा संबंध येतो. पीयू वाळतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो हवेतली ओल घेऊन घट्ट होतो. नगर पर्जन्यछायेतले, मार्च ते मे हवा कोरडी ठणठणीत. ऊन कडक आहे म्हणजे पीयू लवकर धरेल, असा गिऱ्हाइकाचा समज असतो, आणि तो चुकीचा आहे. कोरड्या हवेत तो सावकाश धरतो. पावसाळ्यात लवकर धरतो, फक्त चौकट पूर्ण कोरडी हवी. म्हणून गाडी किती वेळाने हलवायची ते त्या पीयूच्या नळीवर छापलेल्या सूचनेवरून ठरवावे, उन्हाकडे पाहून नव्हे, आणि उन्हाळ्यात थोडा वेळ जादाच द्यावा. "लग्नाला जायचंय, तासाभरात द्या," असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणे कारागिराला जड जाते, तरी त्याने ते म्हणावे. निदान एक दिवस गाडी जोराच्या पाण्याने धुऊ नये. आणि नव्या गाड्यांत आरशामागे, काचेला चिकटून कॅमेरा असतो. काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि त्याचे साधन प्रत्येक दुकानात नसते. अशी गाडी असेल तर काच काढण्याआधीच हे विचारून घ्यावे.

काच विकत घेताना तिच्या कोपऱ्यातली बारीक छपाई वाचावी. आयएसआयची खूण, आयएस २५५३ हा मानक क्रमांक, परवाना क्रमांक आणि काच लॅमिनेटेड असल्याचा उल्लेख तिथे असतो. पुण्याजवळ चाकणला मोटारींच्या काचा बनवणारा सेंट-गोबेन सेकुरिटचा कारखाना आहे, त्यामुळे या भागात चालू मॉडेलची चांगली काच मिळणे तसे अवघड नाही. जुन्या, बंद झालेल्या मॉडेलची मात्र शोधावी लागते. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे नियम १०० सांगतो. २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. नवी काच बसवताना 'वर थोडी फिल्म मारून देऊ का' असे कोणी विचारले, तर नको म्हणावे.

विम्याचा हिशेब पुष्कळांना ठाऊक नसतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे काही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर काचेवर घसारा कापला जात नाही, ही गाडीच्या इतर भागांच्या तुलनेत मोठी सवलत. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापला जातो. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक दाव्यामागे १,००० रुपये आणि त्यावरच्या मोटारीला २,००० रुपये मालकाला स्वतः भरावे लागतात. खरी गोम नो क्लेम बोनसची आहे. समजा, स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि पाच वर्षे दावा न केल्यामुळे ५० टक्के बोनस मिळून तो ५,००० वर आला आहे. काच ७,००० ची. दावा केला तर हाती येणार ६,०००. पण पुढच्या वर्षी बोनस शून्यावर येऊन हप्ता पुन्हा १०,००० होतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के बोनसने ८,०००. पहिल्या दोन वर्षांतच ८,००० रुपये जादा गेले. अशा वेळी खिशातून पैसे भरलेले परवडतात. काच महाग असेल किंवा बोनस कमी असेल तर दावा करावा. तसे ठरले तर जुनी काच काढण्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवावे. काच निघाल्यावर सर्व्हेअरला दाखवायला काही उरत नाही.

जुन्या काचेबरोबर तिच्यावरचे कागदही जातात. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटबरोबर मिळालेले तिसरे नोंदणी चिन्ह म्हणजे आतून चिकटवलेला स्टिकर. तो काढताना फाटतो आणि नवा मागवावा लागतो. फास्टॅगचेही तसेच. तो सोलून पुन्हा वापरता येऊ नये अशाच रीतीने बनवलेला असतो. ब्लेडने अलगद उचलला तरी आतली तार तुटते आणि टोलनाक्यावर तो वाचला जात नाही. तेव्हा काच बदलायचे ठरले त्याच दिवशी बँकेकडे नव्या फास्टॅगची मागणी नोंदवावी, म्हणजे गाडी दुकानातून निघेल तेव्हा तो हाताशी असेल.